एसडीजी आणि जैवविविधता : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

‘कोणता कोर्स करू?’ हा प्रश्न या क्षेत्रात येऊ पाहणारे सगळ्यात आधी विचारतात. कोणताही करा. प्रमाणपत्र मुलाखतीच्या दारापर्यंत नेतं, पुढे त्याचा उपयोग नाही. एसडीजी म्हणजे संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं, त्यांची १६९ लक्ष्यं, १९९२चा रिओतला जैवविविधता करार, त्याखालची डिसेंबर २०२२ची कुनमिंग-मॉन्ट्रियल चौकट हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरूनच लिहिते आहे.

नवख्या माणसाच्या वाट्याला पहिलं काम येतं ते बहुधा तक्ता भरण्याचं. एका बाजूला प्रकल्प, दुसऱ्या बाजूला उद्दिष्टं, जुळेल तिथे खूण. वृक्षलागवड आहे? जमिनीवरच्या निसर्गाच्या १५ वर खूण, हवामानाच्या १३ वर खूण, मजुरी मिळाली म्हणून रोजगाराच्या ८ वरही. संध्याकाळपर्यंत तक्ता खुणांनी भरतो आणि वरिष्ठ खूश होतात. मीही असे तक्ते भरले आणि बराच काळ यालाच काम समजत होते. सापळा नेमका इथे आहे, म्हणून त्यावर जरा जास्तच बोलणार आहे.

लक्ष्य काय म्हणतं आणि त्याचा निर्देशक काय मोजतो, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. १५.१, म्हणजे १५व्या उद्दिष्टाचं पहिलं लक्ष्य, घ्या. त्यात जंगलं, पाणथळ जागा, डोंगर, कोरडवाहू प्रदेश अशा सगळ्या परिसंस्थांचं संवर्धन आणि पुनरुज्जीवन आहे. वाचताना बरं वाटतं. आता त्याचा पहिला निर्देशक, १५.१.१, उघडा. तो मोजतो एकूण जमिनीत वनक्षेत्र किती टक्के, एवढंच. आणि वन म्हणजे काय, तर एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या, व्याख्येनुसार अर्ध्या हेक्टरहून मोठा तुकडा, ५ मीटरहून उंच झाडं, १० टक्क्यांहून जास्त जमिनीवर झाडांचं छत्र. शेती किंवा शहरी वापराची जमीन त्यातून वगळलेली.

आता या व्याख्येने काय काय होतं ते एकेक करून बघा. गवताळ माळावर निलगिरी लावली की काही वर्षांनी वनक्षेत्र वाढतं. माळावर जमिनीलगत घरटी करणारे पक्षी गेले, तिथलं गवत गेलं, ते या आकड्यात कुठेच येत नाही. नैसर्गिक जंगल तोडून रबराची लागवड केली तर आकडा जागचा हलत नाही, कारण रबराची लागवड वनात धरतात. तेलताडाची मात्र धरत नाहीत, ती शेती. झाडं सरसकट तोडली, पण तिथे पुन्हा जंगल वाढणं अपेक्षित असेल, तर ती उघडी जमीनही वनच. एफएओचं यात काही चुकलेलं नाही, त्यांना जमिनीचा वापर मोजायचा आहे. चूक होते ती आपण त्या टक्क्यावरून जैवविविधतेबद्दल बोलायला लागतो तेव्हा.

१५.१.२ने थोडी भरपाई होते. जैवविविधतेसाठी महत्त्वाच्या जागांपैकी किती भाग संरक्षित आहे, ते तो सांगतो. पण नकाशावर सीमा आखली म्हणजे आत राखण होतेच असं नाही, आणि ते या आकड्याला कळत नाही. १५.५.१, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या यादीवरून काढलेला रेड लिस्ट निर्देशांक, १ ते ० मध्ये असतो. सगळ्या प्रजातींना फारसा धोका नसेल तर १, सगळ्या नामशेष झाल्या तर ०. माझ्या मते या तिघांत सगळ्यात प्रामाणिक हाच, पण तो सावकाश सरकतो. प्रजातींचं फेरमूल्यांकन काही वर्षांनी होतं, त्यामुळे तुमच्या तीन वर्षांच्या प्रकल्पाचं प्रगतिपुस्तक म्हणून तो चालणार नाही.

म्हणून खूण करण्याआधी त्या निर्देशकाची मेटाडेटा फाइल, म्हणजे मोजणीच्या पद्धतीचं टिपण, उघडा. कंटाळवाणी असते, तरीही उघडा. काय मोजतात, कोण मोजतं, आणि आपला प्रकल्प बिघडला तर हा आकडा खाली येईल का, एवढं त्यात शोधा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर खूण करू नका. वरिष्ठ नाराज होतील. होऊ द्या.

दुसरं, जैवविविधता फक्त समुद्राच्या १४ आणि जमिनीच्या १५ मध्ये शोधणारे लोक मला आळशी वाटतात. शेतीचा २.४.१ बघा, त्याच्या ११ उपनिर्देशकांत जैवविविधतेला पोषक शेतीपद्धतींचाही एक आहे. २.५.१ मध्ये वाणांच्या संवर्धनाचा आकडा आहे, पण तो सुविधांमध्ये जपलेल्या नमुन्यांचा, शेतात अजून पेरल्या जाणाऱ्या वाणांचा नव्हे. ७.२.१ मध्ये जलविद्युत ही नवीकरणीय ऊर्जा म्हणून मोजली जाते, त्यामुळे धरण झालं की ऊर्जेचं ७वं उद्दिष्ट पुढे सरकतं, आणि त्याच धरणाने स्थलांतर करणाऱ्या माशांची वाट अडते. आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी विज्ञानमंचाच्या २०१९च्या जागतिक मूल्यांकनात तपासलेल्या एसडीजीच्या ४४ लक्ष्यांपैकी ३५ लक्ष्यांची वाट निसर्गाच्या ऱ्हासामुळे अवघड होते आहे असं म्हटलं होतं. त्यात गरिबी, भूक, आरोग्य, पाणी, शहरं सगळं आलं. हा अहवाल सारांशावरच सोडू नका.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही, तरी सांगते. नावाजलेल्या माणसाच्या मागे धावू नका. प्रत्येक परिषदेत दिसणारी व्यक्ती तुमचा मसुदा वाचणार नाही. ज्याने एखाद्या खात्यात बसून अंदाजपत्रक बनवलं आहे असा कुणी मिळाला, तर त्याला सोडू नका, मग त्याला एकही पक्षी ओळखता येत नसला तरी चालेल. कारण १५.९ हे लक्ष्यच जैवविविधतेचं मूल्य नियोजनात आणि राष्ट्रीय लेख्यांत, म्हणजे देशाच्या आर्थिक हिशेबात, आणण्याचं आहे, आणि ते ठरतं अर्थखात्यात. राष्ट्रीय जैवविविधता आराखडा बहुधा पर्यावरण खातं लिहितं, अनुदानं ठरवतात दुसरे. कुनमिंग-मॉन्ट्रियल चौकटीतलं १८वं लक्ष्य २०३० पर्यंत जैवविविधतेला घातक अनुदानं वर्षाला निदान ५०० अब्ज डॉलरने कमी करायला सांगतं. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन हे वाचायला बसलात की पहिल्यांदा घाबरायला होतं. तसं घाबरू नका. परिसंस्थांच्या लेख्यांची संयुक्त राष्ट्रांची पद्धत २०२१ मध्ये स्वीकारली गेली, तेव्हा त्यात मुरलेले लोक अजून कमीच आहेत, आणि परिसंस्था म्हणजे काय हे तुम्हाला त्या हिशेबनीसांपेक्षा जास्त कळतं.

मुदतींनी मात्र खचायला होतं. १५.१, १५.५, १५.९ आणि समुद्राच्या संरक्षणाचं १४.५ या लक्ष्यांची मुदत २०२० लाच संपली. जैवविविधता कराराच्या आधीच्या, म्हणजे आयचीच्या, २० लक्ष्यांपैकी एकही जागतिक पातळीवर पूर्ण झालं नाही. हे वाचून काही जण हे क्षेत्रच सोडतात, त्यांना मी दोष देत नाही. पण मासेमारीच्या घातक अनुदानांबद्दलचं १४.६ सुद्धा २०२० चंच होतं. त्या अनुदानांवरचा जागतिक व्यापार संघटनेचा करार जून २०२२ मध्ये स्वीकारला गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झाला. उशिरा झाला, सगळी अनुदानं त्यात आलीही नाहीत, पण झाला. आणि तो व्यापाराच्या वाटाघाटी करणाऱ्यांच्या टेबलावर झाला.

सुरुवात करायची असेल तर कुठलाही एक देश निवडा. त्याने संयुक्त राष्ट्रांच्या जुलैच्या उच्चस्तरीय मंचावर मांडलेला एसडीजींच्या प्रगतीचा स्वेच्छा राष्ट्रीय आढावा आणि त्याचा जैवविविधता आराखडा शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत वनक्षेत्राचा आकडा एकच आहे का, कोणत्या वर्षाचा आहे, आणि शेती, ऊर्जा, मत्स्यव्यवसाय या प्रकरणांत एकाही प्रजातीचं किंवा अधिवासाचं नाव येतं का, ते शोधा. मग त्याच देशाचं अंदाजपत्रक उघडा आणि आराखड्यात खर्च म्हणून दाखवलेली रक्कम त्यात कोणत्या शीर्षाखाली सापडते ते बघा. सापडली नाही, तर मुलाखतीत बोलायला तेवढं पुरेसं आहे.