बोटीचा जीपीएस लॅपटॉपवर येत नाहीये? आधी २ आणि ३ नंबरची पिन जोडून बघा

पावसाळी बंदीत बोट वर ओढलेली असते तेव्हाच हे काम उरकून घ्या, भर सीझनला हर्णैला माशांच्या लिलावाच्या गडबडीत केबल हलवत बसायला वेळ कोणाला असतो.

आधी ॲडाप्टर (जीपीएसची ९ पिनवाली सीरियल केबल यूएसबीला जोडणारा) लॅपटॉपला लावा, विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'पोर्ट्स'मध्ये नवा कॉम पोर्ट (COM आणि पुढे नंबर) दिसतो का बघा. दिसला तर नंबर लिहून ठेवा, यूएसबीचं भोक बदललं की नंबरही बदलू शकतो. पिवळं चिन्ह आलं तर ड्रायव्हरची भानगड, आतली चिप कुठली (सीएच३४०, पीएल२३०३, एफटीडीआय) त्याप्रमाणे ड्रायव्हर टाका. जुन्या पीएल२३०३ ला विंडोजचा नवा ड्रायव्हर चालत नाही, तिथे डोकं फोडू नका, दुसरा ॲडाप्टर घ्या.

आता खरी टेस्ट. जीपीएस काढून टाका, ॲडाप्टरच्या ९ पिनवाल्या टोकाला २ आणि ३ नंबरची पिन बारीक तारेने एकमेकींना जोडा, पुट्टी (PuTTY) या सॉफ्टवेअरमध्ये तो कॉम पोर्ट उघडा, लोकल एको आणि फ्लो कंट्रोल दोन्ही बंद करा आणि काहीही टाईप करा. अक्षरं परत दिसली आणि तार काढल्यावर बंद झाली म्हणजे लॅपटॉप, ड्रायव्हर, ॲडाप्टर सगळं ठीक, चूक पुढे कुठेतरी आहे. पोर्ट उघडतच नसेल तर दुसरं कुठलं सॉफ्टवेअर तो धरून बसलंय का बघा, एका वेळी एकालाच मिळतो.

मग जीपीएसची डेटा आउट वायर २ ला, ग्राउंड ५ ला. ग्राउंड हमखास विसरतात. पुट्टीत स्पीड ४८००, ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, आणि जीपीएसच्या मेनूत एनएमईए (NMEA, जीपीएस ज्या साच्यात माहिती बाहेर पाठवतो तो) आउटपुट चालू आहे ना तेही बघा. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी धावायला लागल्या की जमलं. नुसता कचरा आला तर आधी स्पीड बदलून बघा. काहीच आलं नाही तर वायर उलटी असेल, आउटऐवजी इन जोडलेली.

तरी अधूनमधून तुटतंय? मी दोन संध्याकाळी ड्रायव्हर बदलत बसलो होतो, शेवटी बघतो तर खाऱ्या हवेने पिनवर हिरवा गंज. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून टूथब्रशने घासलं आणि लगेच चालू. तेव्हापासून प्लग काढला की त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवतो.