पहिला नग आणि दोनशेवा नग: आयटीआय ते शिकाऊ उमेदवारी

दहावीनंतर मी तालुक्याच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नर (लेथवर धातू कातणारा कारागीर) या दोन वर्षांच्या ट्रेडला प्रवेश घेतला, तेव्हा ‘दुसरीकडे नंबर लागला नाही म्हणून आयटीआय’ अशी घरच्यांची समजूत होती आणि खरे सांगायचे तर माझीही तीच होती. पुढे एक वर्ष भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत शिकाऊ उमेदवारी केली आणि आता सहा वर्षे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशिनच्या विभागात सेटर (मशिन कामासाठी जुळवून देणारा) म्हणून काम करतो आहे. दर वर्षी आयटीआयचे निकाल लागले की नवी मुले आमच्या विभागात येतात आणि आठवडाभरात प्रत्येकाचा एकच प्रश्न येतो, “सर, पर्मनंट करतात का?” प्रश्न रास्त आहे, परंतु त्याआधी विचारायला हवा असा एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: या वर्षात मला नक्की काय येऊ लागेल?

आयटीआयमध्ये पहिले कित्येक आठवडे आमच्या निदेशकांनी आम्हाला लेथवर, म्हणजे नग फिरवून कातणाऱ्या यंत्रावर, फारसे उभेच राहू दिले नाही. ग्राइंडरवर हायस्पीड स्टीलचे टूल हाताने घासायचे, रेक आणि क्लिअरन्स हे धारेचे कोन गेजने तपासायचे, चुकले की पुन्हा घासायचे. बाहेरच्या कारखान्यांत सगळीकडे कार्बाइडचे तयार इन्सर्ट (टूलवर बसवायचे, बदलता येणारे धारदार तुकडे) वापरतात हे आम्हाला ठाऊक होते, त्यामुळे ही जुनी कसरत कशासाठी, अशी कुरकुर चालत असे. तिचे उत्तर मला दोन वर्षांनी मिळाले. सीएनसीवर तुटक पडणारी चिप (कातताना निघणारा धातूचा कीस) एकाएकी लांब आणि गुंतलेली येऊ लागली, तेव्हा शेजारचा ऑपरेटर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसला होता. माझे लक्ष मात्र आपोआप इन्सर्टच्या धारेकडे गेले, कारण टूलची धार बदलली की चिपचा आकार बदलतो हे माझ्या बोटांनी आधी शिकलेले होते. इन्सर्ट झिजलेलाच निघाला.

इंजिनिअरिंग ड्रॉइंग हा विषय मुले सर्वांत कमी मनावर घेतात, आणि नोकरीत सर्वांत आधी अडते ते तिथेच. भारतात फर्स्ट अँगल पद्धतीने ड्रॉइंग काढतात, अमेरिकी ग्राहकाकडून आलेले ड्रॉइंग बहुधा थर्ड अँगलमध्ये असते. पहिल्या पद्धतीत डावीकडून दिसणारे चित्र उजव्या बाजूला काढतात, दुसऱ्या पद्धतीत ते डावीकडेच राहते. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील छाटलेल्या शंकूचे छोटे चिन्ह न पाहता काम सुरू केले, तर खाच विरुद्ध बाजूला पडू शकते. नव्या मुलाच्या हाती ड्रॉइंग दिल्यावर तो आधी मापे वाचतो की आधी तो कोपरा पाहतो, एवढ्यावरून त्याची तयारी बरीचशी कळते.

असे असले तरी आयटीआयच्या शिक्षणाला एक मर्यादा आहे आणि ती कबूल केली पाहिजे. तिथे एक नग दिवसभरात केला, माप बरोबर आले, जर्नलवर सही झाली की काम संपते. कारखान्यात पाळीला दोनशे नग निघतात आणि पहिला नग बरोबर येण्याला फारसे कौतुक नसते. दोनशेवा नगही तसाच यावा लागतो. ही गोष्ट मी एका रात्रपाळीत शिकलो.

शाफ्टचे काम होते, व्यास 80 मिलिमीटर, आणि मापातील फरकाची सूट (टॉलरन्स) फक्त खालच्या बाजूला 0.03 मिलिमीटर, म्हणजे 79.97 ते 80.00 च्या दरम्यान माप हवे. इन्सर्ट बदलल्यानंतर मी नग काढला आणि लगेच मायक्रोमीटर लावला. माप 80.01 आले. जादा आहे असे समजून मी ऑफसेट, म्हणजे मशिनला दिलेली मापाची दुरुस्ती, 0.025 ने कमी केला आणि निश्चिंत झालो. कूलंटची (नग थंड ठेवणाऱ्या द्रवाची) नळी बाजूला सरकली होती आणि नग हाताला चांगलेच गरम लागत होते, हे मला जाणवले होते, पण त्याचा अर्थ लागला नव्हता. पोलादाचा 80 मिलिमीटरचा नग 25 अंशांनी तापला की साधारण 0.02 मिलिमीटरने फुगतो. म्हणजे माझा नग मुळात बरोबर होता आणि मीच तो बिघडवला होता. सकाळी मोजमाप कक्षात, जिथे तापमान 20 अंशांवर राखलेले असते, 38 नग मापाखाली निघाले. व्यास जादा असता तर नग पुन्हा मशिनवर घेऊन दुरुस्त करता आला असता, कमी झालेला व्यास परत येत नाही, त्यामुळे ते सगळे भंगारात गेले.

मला आजही लाज वाटते ती वेगळ्याच कारणाने. उष्णतेने धातू किती वाढतो हे सूत्र ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन अँड सायन्स’मध्ये मी शिकलो होतो, त्यावरची उदाहरणे सोडवली होती आणि त्या विषयात मला उत्तम गुण होते. सूत्र डोक्यात होते, गरम नग हातात होता, आणि या दोहोंची गाठ पडली नव्हती. सुपरवायझर माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी मला एक नग मशिनवरून काढताक्षणी मोजायला लावला, अर्ध्या तासाने तोच पुन्हा मोजायला लावला, आणि दोन्ही मापे कारणासह रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात लिहून घेतली. शिक्षण आणि कामावरचे प्रशिक्षण यांत श्रेष्ठ कोणते, असा वाद घालणाऱ्यांना मी हाच प्रसंग सांगतो: सूत्र ठाऊक नसते तर ती दोन मापे माझ्या लेखी निव्वळ आकडे राहिली असती, आणि ते 38 नग बाद झाले नसते तर सूत्र वहीतच राहिले असते.

आता थोडे व्यवहाराचे. शिकाऊ उमेदवारी 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली होते. 30 किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के या मर्यादेत शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. 2019 च्या नियमांनी आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराला पहिल्या वर्षी दरमहा किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरवून दिले, आणि 2016 पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत त्यातील 25 टक्के, कमाल 1,500 रुपये, सरकार उचलते. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे, आणि करारात तसे लिहिलेले नसेल तर वर्ष संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. मुलांना हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून अपेक्षाभंग होतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुमचा करार शासनाच्या पोर्टलवर नोंदला गेला आहे की नाही, हे पहिल्याच महिन्यात स्वतः पाहून घ्यावे. माझ्या बॅचचा एक मित्र एका लहान वर्कशॉपमध्ये ‘अप्रेंटिस’ या नावाखाली वर्षभर राबला. करार नोंदलेलाच नव्हता, त्यामुळे त्याला अखेरच्या परीक्षेला बसता आले नाही आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्रही मिळाले नाही. राज्य सरकारने 2024 मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही याहून निराळी आहे. तिच्यात आयटीआय आणि पदविकाधारकांना दरमहा 8,000 रुपये मिळतात, सुरुवातीला तिचा कालावधी सहा महिन्यांचा ठेवला होता, पण ती म्हणजे शिकाऊ उमेदवारी नव्हे. दोहोंची गल्लत करू नये.

दुसरी तक्रार नेहमीची: वर्षभर एकाच मशिनवर नग चढवणे-उतरवणे एवढेच काम दिले. असे घडते, आणि त्यात कंपनीचा सोयीस्करपणा असतो हे मी आता तिथलाच एक असूनही नाकारणार नाही. उत्पादनाची घाई असताना शिकवायला वेळ कोणाला? परंतु मागितल्याशिवाय मशिन बदलून मिळत नाही, हेही खरे. मी दर दोन महिन्यांनी लेखी विनंती करत असे आणि चारपैकी दोन मान्य झाल्या, त्यातील एकीमुळे सहा आठवडे गुणवत्ता विभागात मिळाले. मापनाची शिस्त मला लागली ती तिथे.

नोकरीसाठी पुढे ज्या कंपनीत मुलाखत दिली, तिथे प्रमाणपत्रांची फाइल कोणी नीट उघडलीसुद्धा नाही. टेबलावर एक मायक्रोमीटर आणि एक पिन ठेवली होती, व्यास सांगा एवढेच म्हणाले. मी मायक्रोमीटरची दोन्ही टोके कागदाने पुसली, रॅचेट फिरवून ती मिटवली आणि शून्य पाहिले. ते दोन रेघा पुढे होते, म्हणजे मिटलेला असतानाही तो 0.02 दाखवत होता. मी पिनचे माप घेतले, त्यातून 0.02 वजा करून सांगितले आणि वजा का केले तेही सांगितले. पुढचा अर्धा तास प्रश्न होते ते त्या 38 नगांविषयी, कारण ‘तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा’ असे विचारल्यावर मी तोच प्रसंग सांगितला होता.

दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे अनेकांना उशिरा कळते. मी तो प्रवेश शिकाऊ उमेदवारीनंतर घ्यावा असे सुचवतो. आयटीआयमधून तडक गेलेल्या मुलांना ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स’ जड जाते. माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा मात्र परवा सांगत होता की वर्गात ताण आणि दाब शिकवत असताना त्याच्या डोळ्यांपुढे आमच्या चकचा (नग पकडणाऱ्या भागाचा) जास्त आवळला गेलेला जबडा येतो आणि त्यात दबून लंबगोल झालेली पातळ बुशिंग (नळीसारखा नग).