जुन्या गाण्यांचं मंडळ : नवे आणि जुने एका सतरंजीवर कसे बसवायचे

जुनी हिंदी गाणी ऐकणाऱ्या मंडळात नवा माणूस येतो, दोन बैठका बसतो आणि तिसऱ्या वेळी फिरकत नाही. जुने म्हणतात, हल्लीच्यांना कान नाहीत. नवे म्हणतात, गाणी ऐकायला गेलो आणि तोंडी परीक्षा देऊन आलो. सोलापुरात असं मंडळ चालवायचं असेल, तर या दोघांतला फरक आधी नीट ओळखावा लागतो. वयाशी त्याचा संबंध कमीच. साठीला निवृत्त होऊन पहिल्यांदा येणारे गृहस्थही नवेच असतात, आणि आजोबांच्या रेकॉर्डींवर वाढलेली विशीतली मुलगी पक्की जुनी असते.

खरा फरक पडतो तो गाणं कानापर्यंत कसं आलं त्यानं. जुन्यांना गाणी रेडिओनं दिली. आकाशवाणीनं सिनेसंगीताला आवर घातला तेव्हा, 1952 मध्ये, रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. 1957 मध्ये विविध भारती आली. निवेदक चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी नावं सांगत, आणि वर्षानुवर्षं ऐकून ती नावं गाण्याला चिकटली. नव्याला गाणं मिळतं ते मोबाइलवर, अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात, आणि सोबतचं नाव टाकणाऱ्याच्या मर्जीचं. त्याला ओळ पाठ असते, नटीचा चेहरा आठवतो, पण संगीतकार माहीत नसतो. म्हणजे "संगीतकार कोण, सांग बघू" या प्रश्नानं समोरच्याची आवड कळत नाही, त्याच्या घरी रेडिओ लागायचा की नाही एवढंच कळतं. पहिल्या तीन बैठकांत नव्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नाही, असा नियमच करावा. तो सचिवानं मंडळातल्या सर्वांत जाणत्या काकांना एकट्यात गाठून सांगावा. चारचौघांत सांगितला तर टोमणा होतो, आणि काका पुढच्या वेळी येत नाहीत.

बैठकीची आखणी

वीस-पंचवीस माणसं, दोन तास, सोळा गाणी. याहून जास्त गाणी घेऊ नयेत. गाणं सरासरी सव्वातीन मिनिटांचं धरलं तर सोळांची बावन्न मिनिटं होतात. प्रत्येकाआधी दोन मिनिटांची ओळख म्हणजे बत्तीस मिनिटं, चहाला पंधरा. उरलेली वीसेक मिनिटं वादात जातात, ती गृहीतच धरावीत.

नव्या सभासदाचं गाणं पहिल्या सहांत ठेवावं. शेवटी ठेवलं तर हमखास कापलं जातं, कारण वेळ नेहमी पुढे सरकतो आणि कात्री लागते ती ज्याची भीड कमी त्याच्या गाण्याला. घरून गाणं निवडून, तयारी करून आलेला माणूस न ऐकवताच परत गेला, की तो गेलाच समजा.

मार्च ते जूनमध्ये बैठक संध्याकाळी सातच्या आत ठेवू नये. सोलापूरचा पारा अनेकदा चाळिशीच्या आसपास असतो आणि दुपारी तापलेल्या स्लॅबखाली कुणाचं लक्ष लागत नाही. जानेवारीच्या मध्यावर सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा असते, त्या आठवड्यात तारीख घेऊच नये. संक्रांतीला होम मैदानाच्या बाजूला गाडी घेऊन जाणं काय असतं, हे नव्या सभासदालाही सांगावं लागत नाही.

नवे जी गाणी आणतात ती बहुतेक तीच ती, रीलवर फिरणारी. जुने नाक मुरडतात. पण मंडळाची वही उघडून पाहिली तर जुन्यांचीही ठरावीक चाळीस गाणीच फिरत असतात. वर्षभरात एक गाणं दोनदा वाजणार नाही एवढा एकच नियम दोघांनाही लावावा आणि त्यासाठी तारखेसह नोंदवही ठेवावी. नव्यानं लोकप्रिय गाणं आणलं तर ते न नाकारता वाजवावं, आणि लगेच त्याच रेकॉर्डची दुसरी बाजू लावावी. अठ्ठ्याहत्तरच्या (मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकडीवर एका बाजूला एकच गाणं मावतं, आणि दुसऱ्या बाजूला बहुधा त्याच चित्रपटातलं, मागे पडलेलं गाणं असतं. नव्याला ओळखीच्या गाण्याला लागून काहीतरी न ऐकलेलं मिळतं, जुन्याला आपला संग्रह दाखवायची संधी मिळते. दोघांना जोडायला याहून सोपी युक्ती नाही.

सोलापुरात एक सोय आयती आहे, तिचा उपयोग मात्र कमी होतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत गायक घंटसाला माहीत असतात, कन्नड घरांत गायक पी. बी. श्रीनिवास. हिंदीत स्वतःला कच्चा समजणारा सभासद इथं एकदम जाणता होतो. दर बैठकीत एक जागा अशा गाण्यासाठी राखून ठेवावी. ओळींचा अर्थ आणणाऱ्यानंच मराठीत सांगावा, दोन वाक्यांत. अशा वेळी हिंदीतले पंडित नवखे होऊन ऐकतात, आणि ते त्यांच्या प्रकृतीला चांगलं असतं.

आवाज किती ठेवायचा

या मुद्द्यावर मंडळं खरोखर फुटतात. वय वाढलं की आधी उंच पट्टीचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून ज्येष्ठ सभासद ट्रेबल आणि आवाज दोन्ही वाढवायला सांगतात. तोच आवाज पंचविशीतल्या कानाला टोचतो, आणि जुन्या रेकॉर्डची खरखर त्याला गाण्याहून मोठी वाटते. बटण फिरवून हे सुटत नाही, बसण्याची जागा बदलून सुटतं. ज्येष्ठांना स्पीकरपासून सहा ते आठ फुटांवर बसवावं, तरुणांना त्यांच्या मागे. स्पीकर जमिनीवर न ठेवता बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावेत. खुर्च्या आणि सतरंजी अशी दोन्हीची सोय असेल तर सतरंजी पुढे, नाहीतर खुर्चीवरची पाठ मागच्यांचा आवाज अडवते. आवाज एकदा सुरुवातीला ठरवायचा आणि मग ॲम्प्लिफायरला एकाच माणसानं हात लावायचा.

रेकॉर्डला हात कुणी लावायचा

"हात लावू नको" हे वाक्य नव्या सभासदाला जितकं दूर लोटतं तितकं दुसरं काही नाही. पण जुन्यांची धास्तीही खोटी नसते. अठ्ठ्याहत्तरची तबकडी लाखेच्या मिश्रणाची असते, टेबलाच्या उंचीवरून पडली तरी फुटते, आणि पुन्हा मिळत नाही. मनाईऐवजी शिकवणी द्यावी. पहिल्या महिन्यात नव्यानं फक्त कव्हरातून काढणं आणि ठेवणं करावं: दोन्ही तळवे कडेला, बोटं लेबलवर, चरांना (गाणं कोरलेल्या खाचांना) स्पर्श नाही. दुसऱ्या महिन्यात एलपी (प्लास्टिकची, म्हणजे व्हिनाइलची तबकडी) लावावी. त्यानंतर अठ्ठ्याहत्तर.

पुढच्या गोष्टी मात्र तोंडी सांगून भागत नाही, कागदावर लिहून टर्नटेबलशेजारी चिकटवाव्यात.

सुई वेगळी असते. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण 18 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), अठ्ठ्याहत्तरच्या सुईची साधारण 75. एलपीची सुई अठ्ठ्याहत्तरवर ठेवली तर ती रुंद चराच्या तळाशी घसरते, तळातला मळ वाजवते आणि टोक खराब होतं. उलट केलं तर एलपीचा चर कायमचा जातो. टर्नटेबलच्या हाताचं (ज्या दांडीला सुई असते तिचं) सुईवरचं वजनही बदलावं लागतं: एलपीला बहुतेक कार्ट्रिजना (सुई धरणाऱ्या भागांना) दीड ते तीन ग्रॅम, अठ्ठ्याहत्तरला चार-पाच ग्रॅम. चावीचा भोंग्याचा ग्रामोफोन असेल तर त्यावर एलपी कधीच नाही, आणि पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर नवी.

स्पिरिट वापरायचं नाही. सर्वाधिक नुकसान इथं होतं, आणि ते उत्साही नव्यांच्या हातून होतं. व्हिडिओत आयसोप्रोपिल अल्कोहोलनं रेकॉर्ड पुसताना दाखवतात, ते व्हिनाइलचं असतं. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणजे अठ्ठ्याहत्तर पुसली की वरचा थर मऊ पडून गाणंच पुसलं जातं. तिला डिस्टिल्ड वॉटर, पाव लिटरमध्ये सौम्य लिक्विड सोपचे दोन थेंब, मऊ सुती कापड, चरांच्या दिशेनं गोल पुसणं, लेबल कोरडं. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरचा एक हात आणि पंख्यापासून दूर उभं वाळवणं. बोअरचं पाणी चालत नाही, वाळल्यावर क्षार चरांत पांढरे बसतात.

उन्हाळ्यात रेकॉर्ड गाडीत ठेवून खाली चहाला जायचं नाही. बंद गाडीत एलपी अर्ध्या तासात वाकू शकते. घरीही पत्र्याखालच्या माळ्यावर नकोत. उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या की खालच्यांवर भार येऊन त्या वाकतात किंवा तडकतात. आणि वीज गेली तर आधी सुईचा हात उचलायचा, टॉर्च नंतर शोधायचा.

चूक दाखवायची कशी

चिठ्ठी ठेवावी. पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर गाणं आणणाऱ्यानं सहा गोष्टी लिहायच्या: चित्रपट, वर्ष, गायक, गीतकार, संगीतकार, आणि माहिती कुठून घेतली. शेवटची ओळ महत्त्वाची. "लेबलवरून" लिहिलं की वाद निम्मा संपतो, "मोबाइलवरून" लिहिलं की कुणीतरी तपासून आणायचं हे ठरतं. आठवणीवरून लिहिलं असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहावं, आणि ही अट जुन्यांनाही लागू असावी. सुमन कल्याणपूर यांचं गाणं लताबाईंच्या नावावर ठामपणे टाकणारे बहुधा जुनेच असतात. नवा माणूस त्यात फसतो, पण ठामपणे नाही.

लेबल हाही अंतिम शब्द नव्हे. 1949 च्या 'महल'मधल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं, ते मधुबालाच्या भूमिकेचं नाव. अंतऱ्यांचे वादही असेच. नवा म्हणतो तिसरा अंतरा आहे, जुना म्हणतो नाही, आणि दोघंही बरोबर असतात: दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावत, म्हणून चित्रपटातला अंतरा रेकॉर्डवर गाळला जाई. नव्याला गाणं 'झंकार' आवृत्तीतून (जुन्या गाण्यावर नवा ताल चढवलेली) माहीत असेल तर ठेका वेगळा वाटतो. त्याला हसण्यापेक्षा दोन्ही पाठोपाठ वाजवावीत. वर चढवलेला ताल कुठला आणि मूळ वाद्यं कुठली, हे त्याला तिथल्या तिथं ऐकू येतं.

दुरुस्ती गाणं संपल्यावर, एकदा, एकानंच करावी. गाणं चालू असताना "अरे हे रोशनचं नाही" असं पुटपुटणं पूर्ण बंद. हा नियम मोडणारे नेहमी तेच दोघं-तिघं असतात. त्यांनाच त्या दिवशीची कार्डं तपासायचं काम द्यावं, मग तोंड आपोआप बंद राहतं.

नव्यांसाठीही दोन पथ्यं आहेत. ऐकताना सोबत गुणगुणू नये, आणि न विचारता मोबाइलवर रेकॉर्ड करू नये. गायची हौस असेल तर कराओकेची संध्याकाळ वेगळी ठेवावी, तीन महिन्यांतून एकदा. ऐकण्याच्या बैठकीत कराओके घुसला की गाणाऱ्याला श्रोते मिळत नाहीत आणि श्रोत्याला गाणं मिळत नाही. त्या संध्याकाळी ट्रॅकची पट्टी एक-दोन सुरांनी खाली घेतली तर अर्ध्या गळ्यांची सुटका होते. तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करायचा असेल तर परवान्यांची चौकशी आधी करावी.

यादीचं काम

नव्या-जुन्यांची जोडी सर्वांत चांगली जमते ती सभासदांच्या घरच्या रेकॉर्डची यादी करताना. एका घरी एक जुना आणि एक नवा बसवावा, दीड तासात पंचवीस रेकॉर्ड. जुना लेबल वाचतो, नवा लॅपटॉपवर लिहितो: लेबलवरचा क्रमांक, दोन्ही बाजूंची गाणी, तडा आहे का, वाजते का. क्रमांक चुकवू नये, तबकडी ओळखायची खूण तीच. या दीड तासात रेकॉर्ड कुठून मिळाली, किती पैशांना, कुणी पहिल्यांदा ऐकवली हे सगळं बोलणं होतं, आणि तेही एका रकान्यात टिपून ठेवावं. ज्यांचा संग्रह शंभराच्या वर आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी, आणि यादीची एक प्रत घरच्या माणसाच्या हातात द्यावी. संग्राहक गेल्यावर घरचे रद्दीवाल्याला बोलावतात ते बेफिकिरीनं नव्हे. कपाटात काय आहे आणि फोन कुणाला करायचा, हेच त्यांना माहीत नसतं. म्हणून यादीच्या पहिल्या पानावर मंडळातल्या दोघांचे नंबर लिहावेत, त्यातला एक नव्या सभासदाचा.