बाळाला घरी शिकवताय? मग आधी या चुका टाळा

गेली २१ वर्षं मी घराच्या तळमजल्यावर खेळघर चालवते. दीड ते पाच वर्षांची मुलं येतात. मुलं दरवर्षी नवी, पालकांच्या चुका मात्र त्याच. दर जूनमध्ये तेच ते सांगून घसा बसतो, म्हणून यंदा लिहूनच काढते.

सगळ्यात लाडकी चूक फ्लॅशकार्डांची. मागे एक बाबा आपल्या पावणेदोन वर्षांच्या मुलाला घेऊन आले. सोबत कार्डांचा डबा. "मॅडम, याला सत्तर शब्द येतात," म्हणाले आणि तिथेच परीक्षा सुरू. कार्ड पुढे आलं की मूल शब्द फेकायचं. हत्ती, विमान, कलिंगड, झेब्रा. बाबांचा चेहरा फुललेला. पोराच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पुढच्या कार्डाची वाट बघत होतं, एवढंच.

एप्रिल होता, त्यामुळे आमच्याकडे खाऊला कलिंगडच होतं. मी अख्खं उचलून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने दोन्ही हात लावले, ढकलून पाहिलं आणि म्हणाला, "बॉल." त्याचं काय चुकलं? कार्डावर कलिंगड म्हणजे लाल तिकोनी फोड, तीही बोटभर. मग मी ते त्याच्यासमोर कापलं. टचकन आवाज झाला तसा तो दचकला, पुढे सरकला, लाल गरात बोट खुपसलं. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. बिया काढलेली एक फोड खाल्ली आणि मग म्हणाला, "गार." हा शब्द डब्यातल्या एकाही कार्डावर नव्हता.

कार्डं जाळून टाका असं मी म्हणत नाही. पण वस्तू आधी, चित्र नंतर, हा माझा नेम. मंडईत जाताना पोराला कडेवर घ्या. वांगं हातात द्या, देठाचा काटा टोचला तरी टोचू दे. "हे जड आहे, हे गुळगुळीत आहे, याला वास येतो" असं बोलत राहा. लोकांना वेड्यासारखं वाटेल, वाटू दे. आणि सारखं "हे काय? ते काय?" विचारू नका. घरी आलेल्या पाहुण्याला आपण असं विचारतो का?

महागड्या 'ब्रेन डेव्हलपमेंट' किटबद्दलही रोज विचारणा होते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालवाडी सुरू केली, तेव्हा महागडी साधनं परवडण्यासारखी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. तुमच्या घरात तर वाट्या, झाकणं, चाळणी आणि चिमटेसुद्धा आहेत.

दुसरी चूक माझी स्वतःची, त्यामुळे तिच्यावर जरा जास्त बोलणार. अडीच-तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबून गिरवून घेणं. माझ्या थोरलीला मी अडीचव्या वर्षी हात धरून 'ग' गिरवायला लावला. शेजारची पोरगी लिहायला लागली होती ना! रोज संध्याकाळी दहा मिनिटं. ती पेन्सिल मुठीत धरायची, मी ओरडायची, ती रडायची. मग घरातल्या पेन्सिली हरवू लागल्या. दिवाळीच्या साफसफाईत तूरडाळीचा डबा रिकामा केला तेव्हा तळाशी चार सापडल्या. चार! ती पुढे लिहायला लागली, पण पेन्सिल बघून कपाळाला आठी घालणं इयत्ता दुसरीपर्यंत गेलं नाही.

नंतर एका बालरोगतज्ज्ञांनी लहान मुलाच्या हाताचा एक्स-रे दाखवला. मोठ्या माणसाच्या मनगटात ८ हाडं असतात. तिसऱ्या वर्षी त्यातली दोन-तीनच दिसतात, बाकी सगळी कूर्चा, म्हणजे अजून हाड न झालेला मऊ भाग. त्या मनगटाकडून मी सुबक 'ग' मागत होते!

आता अक्षर काढण्याआधी मी हातांना कामं देते. कणकेचा गोळा मळायला. ओली भेंडी पुसायला. कपडे वाळत घालताना चिमटे दाबून द्यायला. कोथिंबीर निवडायला (निम्मी दांड्यांसकट भाजीत जाते, तयारी ठेवा). वाळूत, रांगोळीत, ताटातल्या रव्यात बोटाने रेघा ओढायला. पहिलीचं वय सहा आहे. अडीचव्या वर्षी कसली घाई?

आता बाकीच्या पटापट.

शंभरपर्यंत पाठ म्हणजे आकडे आले, असं समजू नका. "मला तीन चमचे दे" म्हणा. मूठभर आणून दिले तर अजून वेळ आहे. रोज पानं घेताना वाट्या मांडायला सांगा.

वॉकर नको. बाळ त्याने लवकर चालत नाही, जिन्यावरून मात्र पडतं. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. जमिनीवर चादर पसरा आणि बाळ जागं असताना, तुम्ही समोर असताना, पालथं घाला. दिवसभरात मिळून अर्धा तास झाला तरी पुष्कळ.

'शैक्षणिक' व्हिडिओ हाही व्हिडिओच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको. आजीचा व्हिडिओ कॉल वेगळा. तिथे पलीकडून कोणीतरी बाळाला उत्तर देत असतं.

घरात मराठी बोललं तर इंग्रजी कच्चं राहील, ही भीती सोडा. तुम्हाला ज्या भाषेत भांडता येतं, त्याच भाषेत बाळाशी बोला.

शेंगदाणे, फुटाणे, मणी, घड्याळाचे सेल लहानांच्या हाती लागू देऊ नका. यावर चर्चा नाही.

"आमचं मूल कशातच रमत नाही" ही तक्रार आली की मी आईला तासभर बसवून घेते. परवाच एक दोन वर्षांची मुलगी स्टीलच्या डब्याचं झाकण लावत होती. उलटं लावलं. तिरकं लावलं. डबा आपटला, पुन्हा उचलला. दोनच मिनिटांत आई पुढे झुकली, "अगं असं नाही, इकडे दे." मी तिच्या हातात चहाचा कप दिला, दोन्ही हात अडकतील असा भरून. तिचा चहा निवला, पोरीचं झाकण चालूच होतं. सतराव्या की अठराव्या खेपेला ते 'टक्' करून बसलं. पोरीने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. झाकण काढलं आणि पुन्हा लावायला घेतलं.