कवेलू उतरवून स्लॅब टाकायचा असेल, तर ठेकेदार कसा निवडावा

कापूस विकून हाती पैसा आला की विदर्भातील खेड्यांमध्ये घरांच्या कामांना जोर येतो आणि नेमक्या त्याच वेळी चांगला ठेकेदार मिळेनासा होतो, कारण पंचक्रोशीतील तीन-चार घरे त्याने आधीच अंगावर घेतलेली असतात. दोन खोल्यांचे कवेलू उतरवून स्लॅब टाकण्याचा विचार असेल, तर शोध दिवाळीआधी सुरू करावा. काम मे महिन्यावर गेले की विहीर आटते आणि तराईला, म्हणजे नवे काँक्रीट ओले ठेवायला, पाणी विकत घ्यावे लागते.

ठेकेदार बहुधा नुकतेच रंगवलेले घर दाखवतो. ते पाहावे, पण दोन पावसाळे काढलेले त्याचे घर कोणते हे विचारून तेथेही जावे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर खिडकीच्या किंवा चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघालेली दिसते. स्लॅबच्या खालच्या बाजूला ओलीचे डाग आहेत का, हेही मान वर करून पाहावे. घरधन्यापेक्षा घरातील बाईमाणसांना विचारलेले बरे. न्हाणीचे पाणी कोठे तुंबते हे त्यांना नेमके ठाऊक असते.

मग त्याला आपल्या घरी बोलवावे आणि जुन्या मातीच्या भिंतींवर स्लॅब पेलेल का, एवढाच प्रश्न करावा. भिंतीलगत खड्डा खोदून पाया पाहिल्याशिवाय जो "होऊन जाते ना, काही टेन्शन नाही" म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा. मातीच्या भिंतीवर स्लॅबचे ओझे टाकता येत नाही. त्यासाठी काळी माती ओलांडून घट्ट मुरुमापर्यंत नेलेल्या पायावर स्वतंत्र कॉलम उभे करावे लागतात. त्यांचा आराखडा अभियंत्याकडून करून घ्यावा. तेथे काटकसर करू नये.

दर निदान तिघांकडून घ्यावेत, मात्र तिघांनाही एकच कामाची यादी द्यावी, नाहीतर तुलना होत नाही. चौरस फुटाचा दर सांगितला की माप बाहेरून धरणार की आतून, छज्जा आणि जिना त्यात आहे की वेगळा, सेंट्रिंग (ओल्या स्लॅबखालचा फळ्या-बल्ल्यांचा आधार) कोणाचे, हे तेथल्या तेथे विचारावे; शेवटच्या हिशेबातील भांडणे बहुतेक याच मापावरून होतात. घरी लक्ष देणारे माणूस असेल तर केवळ मजुरीचा ठेका द्यावा आणि साहित्य स्वतः आणावे, असे माझे मत आहे. रेती मात्र मोजून घ्यावी. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आमच्या कामाच्या वेळी ब्रासभर म्हणून आलेल्या ट्रॉलीला मी टेप लावला, तेव्हा लांबी १० फूट, रुंदी ६ फूट आणि रेतीची उंची दीड फूट भरली, म्हणजे ९० घनफूटच. ट्रॉलीवाला काही बोलला नाही. पुढच्या खेपेपासून उंची वाढली.

ठरलेले सर्व मुद्रांकावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, ठेकेदार नात्यातला असला तरी. त्यात सळईची जाडी, सिमेंटचा प्रकार, मलबा कोण उचलणार, काम किती दिवसांत पुरे होणार आणि तराईची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट असावे. पैसे कामाच्या मागून जावेत: सुरुवातीला १० टक्के, पाया झाल्यावर २०, लिंटलपर्यंत (दार-खिडक्यांवरच्या तुळईपर्यंत) २५, स्लॅब पडल्यावर २५, प्लास्टरनंतर १० आणि उरलेले १० टक्के पहिला मोठा पाऊस पडून छत कोरडे राहिल्यावर. मजुरांची उचल द्यायची म्हणून ठेकेदार मधेच पैसे मागतो. दिल्यास पुढच्या हप्त्यातून वळते करावेत आणि वहीवर त्याची सही घ्यावी.

स्लॅबच्या दिवशी घरच्या एका माणसाने मिक्सरजवळच उभे राहावे, कारण माल पसरायला सोपा जावा म्हणून मजूर पाणी जास्त ओततात आणि त्याने काँक्रीट कमजोर होते. दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या मसाल्याचे आळे करून त्यात पाणी साठवावे. कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस सतत ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी. ठेकेदाराला सेंट्रिंगच्या फळ्या दुसऱ्या घरी न्यायची घाई असते. अभियंत्याने सांगितलेल्या तारखेआधी एकही बल्ली हलवू देऊ नये.