चार्ल्सचा नियम तपासायचा तर आधी फ्लास्क वाळवा

दाब स्थिर असेल तर ठरावीक वस्तुमानाच्या वायूचं आकारमान त्याच्या केल्विनमधल्या (सेल्सियस अधिक २७३) तापमानाच्या सम प्रमाणात बदलतं. हे तपासायला २५० मिलीचा बोरोसिलिकेट काचेचा कॉनिकल फ्लास्क, एकभोकी रबरी बूच, काचेची छोटी नळी, तिच्यावर चढवायला चार-पाच सेंमी रबरी नळी, पिंचकॉक (रबरी नळी दाबून बंद करणारा चिमटा), एक लिटरचा बीकर, थर्मामीटर, मोजपात्र आणि बादलीभर पाणी पुरतं. इंजेक्शनची प्लॅस्टिकची सिरिंज सोपी वाटते, पण तिच्या नादी लागू नका. दट्ट्याचं रबर अडखळत सरकतं, त्यामुळे आतला दाब बाहेरच्या हवेएवढा राहत नाही आणि मोजलं जातं ते घर्षण.

सगळ्यात महत्त्वाचं काम बर्नर पेटवण्याआधीचं आहे. फ्लास्क आतून कोरडा ठणठणीत हवा. पाण्याचा एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिली. उकळत्या पाण्यात फ्लास्क तापला की त्या थेंबाची ८५-९० मिली वाफ होते आणि तेवढी हवा नळीतून बाहेर जाते. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि बादलीतलं पाणी भसकन आत शिरतं. म्हणून फ्लास्क ओव्हनमध्ये किंवा हेअर ड्रायरने वाळवा, बूच आणि नळीही वाळवा. पावसाळ्यात खोलीतल्या हवेतच भरपूर बाष्प असतं. तेव्हा सिलिका जेल भरलेल्या नळीतून माशांच्या टाकीच्या पंपाने दोन-तीन मिनिटं हवा फ्लास्कमध्ये सोडा.

काचेची नळी बुचाच्या खालच्या पृष्ठभागाशी सपाट ठेवा, आत डोकावू देऊ नका. बूच घट्ट बसवून त्याची खालची कड मानेवर मार्करने आखून घ्या. आता फ्लास्क क्लॅम्पला लावून बीकरमधल्या पाण्यात मानेपर्यंत बुडवा, तळापासून सेंटीमीटरभर वर. पिंचकॉक उघडा असू द्या. तो बंद राहिला तर तापलेल्या हवेचा दाब बूच उडवेल. पाण्यात चिनीमातीचे दोन-तीन तुकडे टाका, म्हणजे उसळ्या कमी येतात. पाणी उकळायला लागल्यावर आठ-दहा मिनिटं थांबा, कारण आतली हवा पाण्याइतकी तापायला वेळ घेते. उत्कलनबिंदू १०० धरू नका, थर्मामीटर वाचा. मुंबईत तो शंभराच्या जवळ येईल, पुण्यात सुमारे ९८, महाबळेश्वरला त्याहूनही दोन-अडीच अंशांनी कमी.

पाणी उकळत असतानाच पिंचकॉक लावा, मग बर्नर बंद करा. क्रम उलटला तर गार होताना बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. फ्लास्क कापडाने धरून उचला, बादलीत उलटा बुडवा आणि नळीचं तोंड पाण्याखाली गेल्यावरच पिंचकॉक उघडा. पाणी कारंज्यासारखं आत उडतं. फ्लास्क तरंगू पाहतो, त्याला दहा मिनिटं दाबून पूर्ण बुडवून ठेवा. मग नळीचं तोंड पाण्याबाहेर येऊ न देता फ्लास्क हळूहळू वर घ्या, आतली आणि बाहेरची पातळी एका रेषेत आणा आणि तिथेच पिंचकॉक लावा. पातळीत दहा सेंमीचा फरक राहिला तर दाबात जवळपास एक टक्का चूक होते. बादलीतल्या पाण्याचं तापमान टिपा. फ्लास्क सुलटा करून आत आलेलं पाणी मोजा. शेवटी फ्लास्क काठोकाठ भरून, बूच खुणेपर्यंत बसवून, काढून तेही पाणी मोजा. हे पूर्ण आकारमान. फ्लास्कवर छापलेला २५० चा आकडा इथे कामाचा नाही, बुचापर्यंत त्यात बरंच जास्त मावतं.

आता हिशोब. समजा पुण्यात, हवेचा दाब ९५ किलोपास्कल असताना, पूर्ण आकारमान २९० मिली, उकळतं पाणी ९८ अंश (३७१ केल्विन), बादली २५ अंश (२९८ केल्विन) आणि आत आलेलं पाणी ४९ मिली. म्हणजे वायू उरला २४१ मिली. नियम सांगतो २९० × २९८ ÷ ३७१, म्हणजे २३३. आठ मिली जास्त कुठून आले? उरलेली हवा आता पाण्यावर कोंडलेली आहे, तिच्यात बाष्प मिसळलंय. २५ अंशाला पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे या बाष्पाचा स्वतःचा दाब, ३.१७ किलोपास्कल असतो. म्हणून २४१ ला (९५ − ३.१७) ÷ ९५ ने गुणा. उत्तर २३३.

ही दुरुस्ती वगळली तर काय होतं ते आलेखावर बघा. आडव्या अक्षावर सेल्सियस, उभ्या अक्षावर आकारमान, दोन बिंदू जोडणारी रेषा आकारमान शून्य होईपर्यंत डावीकडे वाढवा. न दुरुस्त केलेल्या आकड्यांनी ती −३३४ अंशाला पोहोचते, दुरुस्त केलेल्यांनी −२७३ च्या आसपास. आकारमान शून्य होतं ते तापमान म्हणजे निरपेक्ष शून्य, आणि आठ मिलीने ते साठ अंश हलवलं! फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅकने १८०२ मध्ये हा नियम प्रसिद्ध केला (चार्ल्सने १७८७ च्या सुमारास केलेलं काम छापलंच नव्हतं), तेव्हा आधीच्या संशोधकांचे आकडे एकमेकांशी न जुळण्याचं कारण त्याने उपकरणात राहिलेलं पाणी हेच दिलं होतं.

पाणी अपेक्षेपेक्षा कमी आलं तर आधी बूच तपासा: पिंचकॉक लावून फ्लास्क पाण्याखाली धरा, बुडबुडे दिसले की गळती सापडली. गळती नसेल तर हवा पुरती तापलीच नव्हती, किंवा मान पाण्याबाहेर राहून गार होती. पाणी जास्त आलं तर बहुतेक वेळा फ्लास्क ओला होता.

आणखी बिंदू हवे असतील तर बर्फाचं पाणी (शून्याला बाष्पदाब ०.६१), १० अंश (१.२३), ३० अंश (४.२५) आणि ४० अंश (७.३८ किलोपास्कल) घ्या. चाळिसाच्या वर जाऊ नका, तिथे बाष्पाची दुरुस्तीच इतकी मोठी होते की थर्मामीटरची अर्ध्या अंशाची चूकही उत्तरात दिसते. प्रत्येक बिंदूआधी फ्लास्क नव्याने वाळवायचा, नुसता निथळून चालत नाही.