भुलीखालील रुग्णाचा श्वसनदर कसा वाचावा

सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेनसारख्या श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या भुलीच्या औषधावर रुग्ण स्वतःच श्वास घेत असेल, तर मॉनिटरवरील श्वसनदराचा आकडा एकटा वाचू नये. या औषधांनी श्वास मंदावतो असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात भूल गहिरी होत जाते तसा श्वास उथळ होतो आणि दर बहुधा वाढतो.

हा वाढलेला दर किती फसवा असतो, हे हिशेब मांडल्यावर कळते. मिनिटाला 12 श्वास, प्रत्येकी 500 मिलिलिटर, म्हणजे 6 लिटर हवा. 30 श्वास, प्रत्येकी 200 मिलिलिटर, तरीही 6 लिटरच. परंतु प्रत्येक श्वासातील सुमारे 150 मिलिलिटर हवा श्वासनलिकांमध्येच राहते हे धरले, तर फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पहिल्या वेळी 4.2 लिटर आणि दुसऱ्या वेळी जेमतेम 1.5 लिटर हवा पोहोचते. (आकडे केवळ समजण्यापुरते घेतले आहेत.)

म्हणून दराबरोबर भूलयंत्राला जोडलेली श्वासाची बॅग किती हलते ते पाहावे आणि कॅप्नोग्राफवरील (उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या उपकरणावरील) कार्बन डायऑक्साइड तपासावा. श्वास फारच उथळ असल्यास तो आकडाही रक्तातील खऱ्या पातळीपेक्षा कमी दिसतो, हे विसरू नये. भरपूर ऑक्सिजन चालू असताना पल्स ऑक्सिमीटर 100 दाखवत राहतो. त्यावरून श्वसन पुरेसे आहे असे ठरवता येत नाही.

चिरा देताच दर, नाडी आणि रक्तदाब एकदम वाढले, तर भूल हलकी असण्याची शक्यता अधिक. शस्त्रक्रियेचा ताण नसताना दर जास्त, श्वास उथळ आणि कार्बन डायऑक्साइड चढता असेल, तर भूल कमी करून बॅगने श्वासाला आधार द्यावा. दर वाढला की व्हेपोरायझरची (भुलीच्या औषधाची वाफ सोडणाऱ्या उपकरणाची) डायल वाढवायची, ही सवय माझ्या मते सर्वांत घातक आहे. याउलट फेंटानिल या ओपिऑइड (अफूवर्गीय) वेदनाशामकानंतर दर उतरला, तर तो ओपिऑइडचा परिणाम समजावा. छाती आत जाऊन पोट वर येत असेल, तर आकडे बाजूला ठेवून आधी श्वासमार्ग मोकळा करावा.

रुग्ण व्हेंटिलेटरवर असताना दर आपणच ठरवलेला असतो, त्यामुळे त्यावरून भुलीची पातळी कळत नाही. शस्त्रक्रिया संपताना मात्र जोरजोरात बॅग दाबू नये, कारण कार्बन डायऑक्साइड नेहमीच्या पातळीपेक्षा 4 ते 5 मिलिमीटर पाऱ्याने जरी खाली गेला, तरी भुलीखालील रुग्ण स्वतःहून श्वास सुरू करत नाही.